स्टेरॉइड : उपकार आणि अपकार

(रत्नागिरी येथे ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भगिनींचे हळदीकुंकू या दोन कार्यक्रमांच्या मध्ये एका औषधावरचे व्याख्यान ऐकावयास बसणे हे काही सुखाचे काम नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे. कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मधुमेह आणि हृदयविकार हे दोन्ही नेहमीचे विषय मी बाजूला ठेवले. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी निवडलेले औषध या मंडपात बसलेल्या बहुतेक घरांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आहे, आणि ते आहे हे त्यांतील पुष्कळांस ठाऊक नाही. कपाटातल्या मलमाच्या नळीत ते आहे, दमेकऱ्याच्या पंपात आहे, डोळ्यांत घालावयाच्या काही थेंबांत आहे. आणि गणपतीला येणारे चाकरमानी गुडघेदुखीवर रामबाण म्हणून ज्या पुड्या बरोबर आणतात, त्यांपैकी काहींतही ते सापडलेले आहे.

स्टेरॉइड म्हटले की तरुण मंडळींच्या डोळ्यांसमोर व्यायामशाळेतले फुगविलेले दंड उभे राहतात. ती स्टेरॉइडे निराळी. त्यांचे गोत्र पुरुष-संप्रेरकाचे. आज मी बोलणार आहे ते कॉर्टिकोस्टेरॉइड या कुळाविषयी. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या रोज पहाटेपासून कॉर्टिझॉल नावाचा रस रक्तात सोडतात, आणि त्या रसावाचून मनुष्य जगत नाही. या ग्रंथी निकामी झाल्या म्हणजे माणूस खंगत कसा जातो, त्वचा काळवंडते कशी, हे लंडनच्या टॉमस ॲडिसन या वैद्याने १८५५ साली लिहून ठेविले. पण तो रस हाती लागून औषध म्हणून वापरता येण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

१९४८ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणास खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला हे द्रव्य प्रथम टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. त्या बातमीने जगभर खळबळ उडाली आणि १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या थोड्या अवधीत नोबेल मिळविणारी संशोधने विरळाच. मात्र त्याच रुग्णांची तोंडे पुढे वाटोळी सुजू लागली, मने अस्थिर झाली, आणि औषध थांबविताच सांधे पुन्हा धरले; म्हणजे उपकार आणि अपकार ही जुळी भावंडे पहिल्या वर्षातच दिसून आली होती.

प्रारंभी हे औषध बैलांच्या पित्तापासून अनेक रासायनिक पायऱ्यांनी बनवावे लागे आणि त्याची किंमत सोन्याशी स्पर्धा करी. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन व मरे या संशोधकांनी ऱ्हायझोपस नावाच्या एका बुरशीकडून यातील सर्वांत कठीण पायरी करवून घेतली, आणि औषध स्वस्त झाले. श्रोत्यांनी या बुरशीचे नाव ध्यानात ठेवावे. ती आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा ती उपकारकर्ती नसेल.

हे औषध करते काय? शरीरात शत्रू शिरला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. सूज, लाली, ताप, ठणका ही त्या लढाईची चिन्हे होत. कित्येकदा शत्रू नसताही ही फौज आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, श्वासनलिकांवर तुटून पडते. स्टेरॉइड त्या फौजेला माघारी बोलाविते. सैन्य बेबंद झाले असेल तर हे वरदान. परंतु खरा शत्रू दारात उभा असेल, तर तोच हुकूम घातक. स्टेरॉइडचा बहुतेक चांगुलपणा आणि पुष्कळसा वाईटपणा या एकाच गोष्टीतून निघतो.

दम्याचा जोराचा झटका, मूत्रपिंडाच्या विकाराने सुजलेले लहान मूल, ल्युपस, काही जातींचे कर्करोग, डोळ्याच्या आतील दाह, अशा ठिकाणी या औषधाने वाचविलेले जीव मी स्वतः पाहिले आहेत. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक उपयोग मुद्दाम सांगावासा वाटतो. कोकणपट्टीत कुष्ठरोग जुना. रत्नागिरीत त्या रुग्णांसाठी एकोणिसाव्या शतकापासून स्वतंत्र रुग्णालय होते. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे जंतू मरतात. परंतु उपचार चालू असता, किंवा संपल्यावरही, शरीराची प्रतिक्रिया एकाएकी उसळून नसा सुजतात, आणि हात वाकडा होणे, पाऊल लुळे पडणे हे पुष्कळदा त्या वेळी घडते. अशा वेळी प्रेड्निसोलोन सामान्यतः रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून, मात्रा उतरवीत, बारा आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ देतात. वेळेवर दिले तर हात वाचतो. येथे औषधाची भीती बाळगून घरी बसणे म्हणजे आयुष्याचे अपंगत्व पत्करणे होय.

दुसरा उपयोग मातांसाठी. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत आढळले की, हे औषध दिल्यास दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे लवकर पक्व होतात. १९७२ साली त्यांनी डॉ. हॉवी यांच्यासह स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडेही अकाली प्रसूतीची चिन्हे दिसल्यास डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देण्याची पद्धत सरकारी मार्गदर्शनात आहे. पण याचीही एक गोष्ट आहे. आपल्या शेजारचे बेळगाव आणि विदर्भातील नागपूर ही केंद्रे समाविष्ट असलेला एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. खेडोपाडी हे औषध सर्रास पोहोचविल्यावर लहानग्यांचे मृत्यू कमी न होता एकंदरीत किंचित वाढलेले दिसले. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांतून, जेथे गर्भाचे आठवडे नीट मोजले जातात आणि नवजात बाळाची निगा ठेवता येते अशा ठिकाणी, प्रयोग झाला. त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. तेच औषध, तीच मात्रा. फरक पडला तो योग्य स्त्रीची निवड आणि जवळची व्यवस्था यांमुळे. म्हणून गर्भवती सुनेला कळा लवकर सुरू झाल्या तर गावातच इंजेक्शन कोण टोचून देईल याचा शोध न करता, जेथे अकाली जन्मलेल्या बाळाची सोय आहे तेथे तिला आधी न्यावे.

आता २०२० आणि २०२१ या दोन वर्षांकडे येतो. कोरोनाच्या साथीत या मंडपातल्या कितीतरी घरांतून माणसे गेली. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधील रिकव्हरी नावाच्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. इतक्या साध्या, स्वस्त आणि जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर आले, आणि केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे २६ वरून २३ वर. जगाने ही वार्ता आनंदाने ऐकली. पण त्याच निबंधात तिसरा आकडाही होता. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती अशा रुग्णांत औषध न घेणाऱ्यांचे मृत्यू शेकडा १४ होते, आणि घेणाऱ्यांचे जवळजवळ १८. म्हणजे तेथे फायदा नाहीच, झाला तर तोटा. हा तिसरा आकडा आपल्याकडे फार थोड्यांनी वाचला. २०२१ च्या उन्हाळ्यात मोबाईलवरून औषधांच्या याद्या फिरू लागल्या आणि ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी लोक डेक्सामेथासोन किंवा मेथिलप्रेड्निसोलोन घेऊ लागले. कोणी दहा दिवसांऐवजी महिना महिना घेतले. घरात साखर तपासण्याचे यंत्र नाही, आणि रक्तातील साखर चारशेच्या घरात.

अशा शरीरात ती जुनी बुरशी शिरली. काळी बुरशी म्हणून जो रोग वृत्तपत्रांनी घरोघर पोहोचविला, त्याचे शास्त्रीय नाव म्युकरमायकोसिस, आणि तो करणाऱ्या बुरशींत अग्रभागी ऱ्हायझोपसच. ज्या कुळाने १९५२ साली कॉर्टिझोन स्वस्त केले, त्याच कुळाने सत्तर वर्षांनी त्या स्वस्ताईचा असा सूड उगविला! सायनसमधून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत असा तिचा प्रवास. महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक झळ लागलेल्या राज्यांत होती. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना हा रोग नोंदणीयोग्य ठरविण्यास सांगितले. मधुमेह हे त्याचे मोठे कारण खरे. पण अनावश्यक, अवाजवी मात्रेत आणि अवाजवी काळ दिलेले स्टेरॉइड हेही तितकेच मोठे. आपल्या ज्ञातीतील एका गृहस्थांनी त्यात डोळा गमावला. त्यांच्या कागदपत्रांतून दिसते की त्यांचा प्राणवायू एकदाही कमी झाला नव्हता.

साथ गेली. रत्नागिरीच्या दमट हवेत बारा महिने चालणारा अपव्यवहार मात्र चालूच आहे, आणि तो गजकर्णाचा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, लावणीत दिवसभर भिजून उभे राहावे लागते, मिरकरवाड्याच्या बंदरावर काम करणारी माणसे ओल्या अंगानेच वावरतात, आणि अलीकडे कृत्रिम धाग्याच्या घट्ट विजारी आल्या आहेत. कंबरेला, जांघेत खाज सुटते. औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधांचे मिश्रण असलेले मलम येते. त्यात बुरशीवरचे औषध असते, जंतूंवरचे असते, आणि क्लोबेटासॉलसारखे अतिशय तीव्र स्टेरॉइडही असते. दोन दिवसांत खाज शमते. शमते कारण फौज माघारी गेली. शत्रू तेथेच आहे, आणि आता त्यास अडविणारे कोणी नाही. चट्टा पसरतो, मधोमध फिका व कडेला लाल अशी त्याची ओळखही नाहीशी होते, पुन्हा तीच नळी आणली जाते. एका घरात सासऱ्यांची नळी सुनेने आणि सुनेची नळी नातवाने वापरलेली मी पाहिली आहे. या दशकात आपल्या देशातील गजकर्णाची बुरशी नेहमीच्या औषधांस पुरेशी बधत नाही, तिला शास्त्रज्ञांनी २०२० साली इंडोटिनिए असे भारतावरूनच नाव दिले. हा मान आपणांस नको होता. अशा बुरशीला पोटातून औषध, तेही कित्येक आठवडे, घ्यावे लागते. घरातील सर्वांचा उपचार एकदम, पंचे निराळे, कपडे उन्हात किंवा तव्यावर भाकरी भाजल्यासारखे इस्त्रीखाली तापवून; एवढे केले तर गजकर्ण जाते. स्टेरॉइडचे मलम त्यावर लावू नये. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी कित्येक अतार्किक मिश्रणांवर बंदीही घातली. कायदा आहे, नळीही मिळते. यावर अधिक काय बोलावे?

आता जे बोलणार आहे त्याने काही मंडळींस वाईट वाटेल, तरी ते बोलले पाहिजे. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ काही आठवड्यांपुरते एक त्रिगुणी मलम देतात, त्यात एक स्टेरॉइड असते. ते लावल्यावर चेहरा उजळ दिसतो, ही बातमी मैत्रिणींतून मैत्रिणींत गेली आणि मुलींनी ते गोरेपणाचे मलम म्हणून वापरण्यास आरंभ केला. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, केस उगवतात. आणि मलम थांबविले की चेहरा भाजल्यासारखा लाल होऊन असा जळतो की मुलगी पुन्हा नळी हाती घेते. देशातील बारा केंद्रांतून चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ४३३, म्हणजे शेकडा सुमारे पंधरा, चेहऱ्याला स्टेरॉइड लावीत होते. माझ्याकडे आलेल्या अशा एका मुलीला मी विचारले, हे कशासाठी केलेस? ती म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत." ज्ञातिबंधूंनो, आपल्याच वार्षिक अंकातील वधूवर-परिचयाची पाने उघडून पाहा. पदवीपूर्वी वर्ण छापलेला आढळतो. औषध-विक्रेत्याला आणि जाहिरातदाराला आपण खुशाल दोष द्यावा. पण ती मुलगी नळी कोणाच्या भयाने विकत घेते, याचे उत्तर या मंडपाबाहेर शोधण्याची गरज नाही. त्या पानांतून वर्णाचा रकाना यंदापासून काढून टाकावा अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे.

पुड्यांविषयी थोडक्यात. आयुर्वेदाचा मी निंदक नव्हे. परंतु ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, बनविणाऱ्याचा पत्ता नाही, आणि जी घेताच वीस वर्षांची संधिदुखी तीन दिवसांत पळते, भूक उसळते, तोंड भरून येते, त्या पुडीत झाडपाला कमी आणि प्रेड्निसोलोन किंवा डेक्सामेथासोन अधिक असण्याचा संभव मोठा. पुढे हाडे ठिसूळ होतात, मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून कुजतो, मोतीबिंदू लवकर पिकतो, डोळ्यातील दाब वाढतो, रक्तदाब व साखर चढते, आणि छातीत दडून बसलेला क्षय जागा होतो. गोळी इवलीशी दिसते म्हणून ती सौम्य समजू नये. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम हे प्रेड्निसोलोनच्या पाच मिलिग्रॅमच्या तोडीचे आहे.

आणि याहून भयंकर म्हणजे ते एकाएकी बंद करणे. बाहेरून रस मिळू लागला म्हणजे ती अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध चालले असेल तर ती झोपी गेली आहे असेच समजावे. औषध अचानक थांबले आणि त्याच सुमारास ताप, जुलाब, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली, तर रक्तदाब कोसळून मनुष्य दगावू शकतो. "अपायकारक आहे" हे आजच्या व्याख्यानात ऐकून कोणी घरी जाऊन आईच्या गोळ्या फेकून देईल, तर माझे बोलणे व्यर्थच नव्हे, घातक ठरेल. मात्रा उतरवावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरी पायरीने. गोळी सकाळी, खाल्ल्यावर घ्यावी. दीर्घकाळ घेणाऱ्याने औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी नेहमी खिशात ठेवावी.

विंचवाचा विषय आपल्या जांभ्याच्या घरांतून टळणारा नाही. तांबडा विंचू चावून मुलाला घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या होऊ लागल्या की पूर्वी इतर इंजेक्शनांबरोबर स्टेरॉइडही टोचीत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिले की, येथे लागणारे औषध म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन. त्यापूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या घरात दगावत; पुढे ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. स्टेरॉइडचा तेथे उपयोग नाही. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात बसून केलेल्या कामाचा तो मान होता, याचा कोकणी माणूस म्हणून मला अभिमान वाटतो.

औषधांची नावे ओळखावी कशी, असे पुष्कळ विचारतात. नावाच्या शेवटी 'सोन', 'सोलोन' किंवा 'ओनाइड' आले तर बहुधा ते या कुळातले : बेटामेथासोन, मोमेटासोन, प्रेड्निसोलोन, बुडेसोनाइड. अपवाद आहेतच, कुष्ठरोगावरील डॅपसोन या कुळातले नव्हे, आणि क्लोबेटासॉल मात्र आहे.

व्याख्यानापूर्वी काही भगिनींनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत, त्यांची उत्तरे देतो.

एक आई लिहिते, मुलाला दम्याचा पंप सांगितला आहे. एकदा लागला की सुटत नाही म्हणतात, त्याऐवजी गोळीच द्यावी काय? बाई, याच्या नेमके उलट करा. पंपाच्या एका झुरक्यात साधारण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. पाच मिलिग्रॅमची गोळी म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि ती सर्व अंगभर फिरते. पंप नियमित दिला तर गोळीची पाळी क्वचित येते. झुरका घेतल्यावर चूळ भरावयास मात्र सांगा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे पडतात.

दुसऱ्या भगिनी विचारतात, डोळे लाल झाले म्हणून गेल्या वर्षीचे थेंब घालू काय? नको. विषाणूचा दाह असला तर स्टेरॉइडच्या थेंबांनी बुबुळ खराब होऊ शकते. ती बाटली आजच फेकून द्या.

शेवटच्या चिठ्ठीवर नाव नाही. सासूबाई सात महिने प्रेड्निसोलोन घेत आहेत, पुढील आठवड्यात त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, गोळी दोन दिवस आधी थांबवावी काय, असे विचारले आहे. थांबवू नका. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळची गोळी द्यावयाची की नाही आणि मात्रा वाढवावयाची की नाही, हे शल्यचिकित्सकांस आजच विचारा; भूल देणारे डॉक्टर असतील तर त्यांसही गोळीचे नाव आणि सात महिने हा काळ स्पष्ट सांगा. जिने चिठ्ठी लिहिली त्या सूनबाईंनी हळदीकुंकवानंतर मला भेटावे. गोळ्यांचे पाकीट बरोबर असल्यास उत्तम.